मठपती सरांची वाटी

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या वर्गातल्या मुलींच्या जिभा रंगीत असायच्या. कुणाची निळी, कुणाची हिरवी, माझी बहुतेक वेळा काळपट, कारण मला सावल्या रंगवायला आवडायचं. घरी पोचले की आज कोणते तास झाले हे आई विचारायची नाही. जीभ बघायची आणि म्हणायची, "आज मठपती सर होते वाटतं."

कारण साधं होतं. चित्रकलेच्या तासाला एका बाकाला एक वाटी पाणी मिळायचं, आणि तेवढ्यात दोघींनी अख्खा तास भागवायचा. वाटीतलं पाणी थोड्याच वेळात चिखलासारखं व्हायचं. मग ब्रश साफ कशात करायचा? जिभेवर. हे सरांनीच शिकवलेलं. ब्रश जिभेच्या टोकावर ओढायचा, ओठात धरून टोक काढायचं आणि कोरडाच रंगाच्या वडीवर घासायचा. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, रंगात विष असलं म्हणजे?"

"बाहत्तरच्या दुष्काळापासून चाटून राहिलोय," सर म्हणाले. "मेलो का?"

उंच, सडसडीत माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरी पॅन्ट, आणि तिच्या उजव्या खिशाला कायमचे डाग. तरुणपणी त्यांनी उदगीरच्या बाजारात दुकानांचे बोर्ड रंगवले होते. ऑइल पेंट, मोठी अक्षरं, सोनेरी कडा. नंतर चित्रकलेच्या परीक्षा देऊन शिक्षक झाले आणि लातूरला आमच्या शाळेत आले. हातात रेक्झिनची पिशवी असायची आणि पिशवीत घरून आणलेली स्टीलची वाटी, एका बाजूनं चेपलेली. शाळेच्या वाट्या त्यांना चालत नसत. म्हणायचे, चेपलेल्या कडेवर ब्रश नीट निथळतो, थेंब वाया जात नाही.

मुख्याध्यापकांनी एकदा चित्रकलेचा तासच बंद करायचं ठरवलं. टँकर दोन दिवसांआड यायचा, शाळेची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. भर व्हरांड्यात त्यांनी सरांना अडवलं.

"मठपती, पोरींना प्यायला पाणी न्हाई आन् तुम्ही त्यात ब्रश बुडवून राहिलात?"

"शाळेचं पाणी घेत न्हाई, साहेब. माझं मी आणतो."

"कुठून?"

"घरून. आंघोळ न्हाई करत आज."

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच घरून चरवी भरून आणायला लागले. सायकलच्या हँडलला चरवी, चरवीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू दारात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जा, जा. घरात डाळ शिजायला पाणी न्हाई, तिकडं पोरींना मोर रंगवायला लावा." सर मागं वळून बघायचे नाहीत. सायकल तेवढी जपून चालवायचे.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण, आम्ही त्याच गल्लीत राहायचो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादहून कचेऱ्या यायच्या होत्या, काही आल्या होत्या, आणि माझे वडील त्यांच्यासोबत कारकून म्हणून आले होते. गावात एकच बोलणं, आता बांधकामं निघणार. पाण्याचा पत्ता नव्हता, पण जिकडंतिकडं खडी आणि सळया पडलेल्या. बांधकाम खात्यातले पाटील साहेब आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आले, तेव्हा सरांना हक्काचा माणूस सापडला. भांडायला.

सरांचं इमारतींचं वेड जुनंच होतं. ते आम्हाला गोलाईवर, गावातल्या गोल बाजारपेठेत, घेऊन जायचे आणि भर रस्त्यात उभं राहून, हात लांब करून, पेन्सिलीनं कमानी मोजायचे. मागून रिक्षावाले शिव्या द्यायचे. एकदा तर एसटी अगदी पाठीशी येऊन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ मास्तर, मरायचंय का?"

सर न वळता म्हणाले, "थांब की बापा. सावली सरकून राहिली."

त्यांच्या हिशोबात सावली ही इमारतीतली पहिली खोली. तिच्यानंतर भिंती. नवी कचेरी भाड्याच्या जागेत होती आणि खेड्यांतून आलेली माणसं बाहेर उन्हात तिष्ठत उभी असायची. सर शाळा सुटल्यावर तिथं जायचे, समोरच्या पानपट्टीजवळ थांबायचे आणि कागदावर काढायचे, इथं एक लांब ओटा, त्याच्यावर एवढं छप्पर, एवढी माणसं बसतील. मग तो कागद घेऊन पाटील साहेबांकडं.

"सर, सळई किती लागंल, सिमेंट किती, ते सांगा," साहेब म्हणायचे. "चित्र काय, आमच्या बारक्यानं बी काढलं असतं."

"मग बारक्यालाच विचारा, त्याला कुठं बसावं वाटतंय."

साहेब हसायचे आणि कागद ठेवून घ्यायचे. ओटा कधी झाला नाही.

या दोघांचं खरं भांडण शैलावरून होतं. शैला सरांची मुलगी, माझ्याच वर्गात. बारावीला तिला गणितात जे मार्क पडले, ते बघून गणिताचे सर पेढे घेऊन घरी आले होते. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. हे कुणी तिच्यावर लादलं नव्हतं. आठवीपासून ती वहीच्या मागच्या पानावर घरांचे नकाशे काढायची, आणि त्यातली दारं उघडताना एकमेकांवर आपटायची नाहीत.

प्रश्न होता, कुठं शिकायचं. त्या वेळी तिच्यापुढं दोन कॉलेजं होती. एक नागपूरकडचं. तिथं आर्किटेक्चर इंजिनिअरिंगसारखं शिकवायचे. वजन, तुळया, खांब, हिशोब. प्रवेश बारावीच्या मार्कांवर, म्हणजे शैलाला जागा मिळाल्यातच जमा. फक्त ठरल्या दिवशी हजर राहायचं. दुसरं मुंबईचं. तिथं आधी चित्र, मग इमारत. तिथं चित्रकलेची परीक्षा द्यावी लागायची, तीही रंगात.

"पोरीला नागपूरला घाला," पाटील साहेब म्हणाले. संध्याकाळी सरांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. मी आणि शैला दाराशी ज्वारी निवडत होतो. "चार गोष्टी पक्क्या शिकंल. उद्या माझ्याच खात्यात येईल. मुंबईत काय, वर्षभर कागद रंगवून घेतील."

"तुळई कुणी बी शिकवंल, साहेब. बघायला कोण शिकवतंय?"

"बघून छत उभं राहत न्हाई, सर."

"हाव. आन् न बघता उभं केलेल्या छताखाली कोण बसतंय, ते रोज बघून राहिलोय मी, तुमच्या कचेरीबाहेर."

साहेब उठून गेले. काकू आतून म्हणाल्या, "तिला तर विचारा."

कुणी विचारलं नाही. शैलानं मला सांगितलं, ज्वारी पाखडता पाखडता, खालच्या आवाजात. "मला नागपूरच बरं वाटतंय गं. गणित बरोबर आलं की चुकलं, ते आपलं आपल्याला कळतं. चित्राचं दुसऱ्यानं सांगावं लागतं."

"मग सांग की अप्पांना."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हणूनच मुंबई."

त्यात दोन्हीकडच्या तारखा आल्या आणि नागपूरची हजेरी नि मुंबईची परीक्षा एकाच सोमवारी निघाली. दोन्ही गावं गाठणं शक्य नव्हतं. एक सोडावंच लागणार होतं, आणि सोडलेली जागा त्याच दिवशी पुढच्या नावाला जाणार होती. तेव्हा शैला पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. मी तिथंच होते.

"अप्पा, मला वॉश येत न्हाई."

वॉश म्हणजे भरपूर पाण्यातून मोठ्या कागदावर एकसारखा रंग पसरवायचा, मध्ये कुठं रेघ न उमटू देता. आकाश, जमीन, लांबची भिंत अशीच रंगवतात. आमच्यापैकी कुणालाच तो येत नव्हता. वाटीभर पाण्यात आकाश होत नाही. आमची आकाशं कोरड्या ब्रशनं, घासून घासून, झाडल्यासारखी केलेली असायची.

"वॉश म्हणजे काय गं?" सर म्हणाले. "पाणीच तर जास्त."

आणि तोडगा त्यांच्याकडं तयार होता. नांदेडला त्यांची थोरली बहीण होती. "अक्काकडं नळ हाय. गोदावरी हाय. आठ दिवस बसलो की हात बसतोय." मलाही त्यांनी सोबत घेतलं. माझाही अर्ज त्यांनीच भरायला लावला होता. मी सिव्हिलच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं, मुंबईचं मी मनावर घेतलं नव्हतं, पण शैलाला सोबत हवी होती आणि मला नांदेड बघायचं होतं.

अक्का जुन्या नांदेडात, नदीपासून थोड्या अंतरावर राहायच्या. गेल्या गेल्या त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जरा थांबल्या, मग शैलाच्या शेजारीच माझं ताट मांडलं. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, ते माझं ताट येईपर्यंत बघत राहिले. मग जेवायला बसले.

सकाळी अक्कांनी अंगणात काठोकाठ भरलेली बादली आणून ठेवली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो. लातुरात एवढ्या पाण्यात आमच्या घरची आंघोळ, धुणं आणि वर भांडीही व्हायची. पाट तिरपा लावून त्यावर कागद चिकटवला. शैलानं मोठा ब्रश बादलीत बुडवला, उचलला, निळ्यात फिरवला आणि कागदाच्या वरच्या कडेला टेकवला. पाणी ओघळलं.

"पुरे, पुरे," सर म्हणाले.

तिनं ब्रश मागं घेतला. रंग तिथंच वाळला, कड धरली.

"अप्पा, पुरे म्हणू नका."

"न्हाई म्हणत. घे."

तिनं पुन्हा घेतलं. ब्रश बादलीतून वर आला, थेंब फरशीवर पडले, आणि सरांचा हात आपोआप पुढं झाला, ब्रशखाली, ओंजळीसारखा. "निथळ गं. निथळून घे."

अक्का चुलीपुढून ओरडल्या, "अरे घेऊ दे की पाणी! लातूर न्हाई हे, नदी हाय इथं!"

"हाव, अक्का."

पण जमलं नाही. मी अगदी जवळून बघितलं, म्हणून सांगते. ते मुद्दाम करत नव्हते. तोंड दाबून धरलं तरी त्यांचे डोळे थेंबामागं जायचे, आणि शैला कागदाकडं न बघता त्यांच्या डोळ्यांकडं बघायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून ती चेपकी वाटी काढली, बादलीतलं पाणी तिच्यात घेतलं आणि म्हणाले, "आधी हातातलं चांगलं करू. वॉशचं बघू नंतर." बादली तशीच राहिली. संध्याकाळी अक्कांनी ती तुळशीला आणि अंगणाला घातली. आठ दिवस थांबायचं ठरलं होतं, आम्ही त्याच्या आधीच परत आलो.

मुंबईत परीक्षेचा हॉल मोठा, छत उंच. प्रत्येकाच्या टेबलावर काचेची पाण्यानं भरलेली बरणी, आणि कोपऱ्यात नळ, गढूळ झालं की बदलून घ्यायला. मुलं उठून जायची, पाणी ओतून द्यायची, नवीन भरायची. नळ नीट बंदही करायची नाहीत. विषय फळ्यावर लिहिला होता, पाऊस चालू असताना बसस्थानक.

मी माझं कसंबसं उरकलं आणि शैलाकडं बघत बसले. तिनं अहमदपूरचा एसटी स्टँड काढला होता. खांब, पत्रे, बाकडी, फलाटाची कड, सगळं इतकं नेमकं की मोजून घ्यावं. कुठली बस कुठून वळेल ते कळत होतं. मग तिनं रंग घेतला. बरणी समोर भरलेली होती. तिनं ब्रशचं टोक तेवढं बुडवलं, बरणीच्या काठावर निथळलं, आणि पुढच्या रंगाला जिभेवर ओढलं. शेजारच्या मुलीनं बघितलं, दुसरीला कोपर मारलं, आणि दोघी हसल्या. शैलाला ते कळलंही नसावं. आकाश तिनं आमच्यासारखंच केलं, घासून. पाऊस रेघांनी काढला, पट्टीनं मारल्यासारखा.

परीक्षक फिरत आले, वयस्कर होते. त्यांनी कागद उचलून लांब धरला. आवाजात मुळीच कुचकेपणा नव्हता.

"ड्रॉइंग फार छान आहे," ते म्हणाले. "पण तुमच्याकडे पाऊस असाच पडतो का?"

शैला उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हो सर."

सर बाहेर फाटकाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी सगळ्यात आधी तिची जीभ बघितली. निळी होती. त्यांनी आम्हाला जवळच्या हॉटेलात नेलं, चहा सांगितला. पोऱ्यानं न मागता पाण्याचे तीन ग्लास आणून आदळले. तिघांपैकी कुणी ते प्यायलं नाही आणि उठताना कुणाला ते सोडवतही नव्हतं. शेवटी सरांनी तिन्ही ग्लास एकामागून एक पिऊन टाकले.

मुंबईच्या यादीत दोघींचंही नाव नव्हतं. नागपूरची जागा तोवर दुसऱ्या कुणाची झाली होती. पाटील साहेब भला माणूस, ते म्हणाले, वर्ष थांबा, मार्क तर कुठं जात नाहीत, पुढच्या साली नागपूरला मी स्वतः सोबत येतो. सर म्हणाले, "पुढच्या साली पुन्हा मुंबई देऊ. तयारी कमी पडली." तेव्हा काकू बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हाताला पीठ.

"तुमचं वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "आता माझं."

पावसानं पुन्हा दगा दिला आणि त्या उन्हाळ्यात शैलाचं लग्न झालं. औशाला दिली, सासरचं खताचं दुकान. माणसं बरी होती. मी डिप्लोमा केला आणि यथावकाश बांधकाम खात्यात लागले. कोणत्याही कलेच्या जोरावर नाही, मोजमापाच्या. शैलाकडं मी मध्ये एकदा गेले होते. तिची मुलगी तेव्हा सातवीत होती. "गणितात हुशार आहे," शैला म्हणाली. "चित्रकलेला नाही पाठवत." वडिलांशी ती नीट बोलायची, सणाला यायची, त्यांच्यासाठी धपाटे करून आणायची. पण त्या सोमवारचा विषय दोघांनी कधी काढला नाही, हे मला काकूंनी सांगितलं.

शाळेत सर नंतर आकाश शिकवतच नसत. वस्तुचित्र, भूमिती, अक्षरलेखन. कुणी पालक मुलाला घेऊन विचारायला आले की आर्किटेक्चरला कुठं घालावं, तर म्हणायचे, "पाटील साहेबांना विचारा." पाटील साहेबांची तोवर बदली झाली होती. माणसं परत जायची.

त्यांना मी शेवटचं बघितलं नांदेडला. माझं भोकरकडं एका सरकारी इमारतीचं काम चालू होतं. काकू गेल्या होत्या, सर निवृत्त होऊन अक्कांच्या घरी येऊन राहिले होते. अक्काही गेल्या होत्या. घरात एकटेच. मी दुपारी गेले. अंगणात नळ चालू, खाली पिंप भरून वाहत होतं. मी आधी नळ बंद केला.

"राहू दे की," सर म्हणाले. "मीच सोडलाय."

ते पाटावर बसले होते, समोर तिरपी फळी, तिच्यावर मोठा कागद. शेजारी भरलेली बादली. अंगणभर दगडांखाली दाबून कागद वाळत घातलेले, आणि प्रत्येकावर नुसता निळा रंग. दुसरं काही नाही. ना झाड, ना भिंत. प्रत्येक कागदावर मधोमध कुठंतरी रंग फाटला होता, आडवी रेघ उमटली होती.

मी विचारलं, "हे काय चाललंय, सर?"

"वॉश. बघून राहिलोय, येतो का." मग म्हणाले, "शैला म्हणाली होती, येत न्हाई. मला तरी कुठं येत होता. बोर्ड रंगवणारा माणूस मी."

चहा मीच केला. पिता पिता त्यांनी विचारलं, "भोकरला काय बांधून राहिलीस?"

"कचेरी, सर."

"बाहेर ओटा ठेवलाय?"

"प्लॅनमध्ये नव्हता."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. कप खाली ठेवून ते पुन्हा फळीकडं वळले, आणि मला एसटी गाठायची होती, म्हणून मी निघाले. फाटकाची कडी लावताना मागं बघितलं. सरांनी मोठा ब्रश उचलला, बादलीकडं हात नेला. पाण्याजवळ जाऊन हात थांबला. मग त्यांनी ब्रश वळवून तोंडाशी आणला आणि जिभेवर ओढला.